दोन मिनिटांचं रडणं

पाळणाघरात मनगटी घड्याळ चालत नाही. अंगठी चालत नाही, कानात लोंबतं काही चालत नाही, नखंही बोटाच्या आतच हवीत. बाळाच्या गालावर ओरखडा उठला तर संध्याकाळी आईबापांना तोंड द्यावं लागतं. त्यामुळे मावशींचं घड्याळ बावीस वर्षं पर्समध्ये होतं आणि पर्स लोखंडी कपाटात. वेळ बघायची तर भिंतीवरच्या घड्याळात, आणि ते पाळणाघराच्या मालकीण असलेल्या मोठ्या बाईंनी सात मिनिटं पुढे करून ठेवलेलं, बायका सकाळी वेळेवर याव्यात म्हणून. संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की मात्र मोठ्या बाई स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघत.

मावशी कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. तान्ह्यांच्या खोलीत जी बाई असेल ती मावशी, एवढाच तो हुद्दा. पण बावीस वर्षांत तो इतका चिकटला होता, की एकदा घरी नवऱ्याने गंमत म्हणून "अहो मावशी" अशी हाक मारली, तर त्या "आले आले" म्हणत उठल्यासुद्धा. नवरा पोट धरून हसला. मावशींना मात्र दिवसभर काहीतरी टोचत राहिलं.

नवरा एका मोठ्या इमारतीत लिफ्टमन होता. कधी मावशी कुरकुरल्या, दिवसभर त्या चार भिंतींत जीव घुसमटतो म्हणाल्या, तर तो म्हणायचा, "तुझी खोली निदान लांबरुंद आहे. माझी बघ."

"तुमची वर-खाली तरी जाते," मावशी म्हणायच्या.

मावशींची खोली बारा पावलं लांब आणि नऊ पावलं रुंद. सहा लाकडी पाळणे, दोन चटया, कपडे बदलायचं एक उंच टेबल. बसायला खुर्ची होती, पण ती दोन वर्षांच्या मुलाच्या मापाची. दार अर्धं, कमरेएवढं, आणि कडी बाहेरच्या बाजूला, म्हणजे रांगणारं मूल उघडू शकणार नाही. खिडकी उंच, मुलं चढू नयेत म्हणून. तिच्यातून रस्ता दिसायचा नाही, फक्त जाणाऱ्या बसचं छप्पर दिसायचं. कुठली बस आली हे मावशी छपरावरून ओळखत.

आणि नियम असा, की तान्ह्यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही. बाथरूमला जायचं तरी शेजारच्या खोलीतल्या नवीला हाक मारायची, तिने तिची मुलं तिसरीच्या, म्हणजे पलीकडच्या खोलीतल्या बाईच्या, ओटीत घालायची, मग इकडे यायचं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाणीच कमी प्यावं हे शहाणपण इथल्या सगळ्याच बायकांना पहिल्या महिन्यात येतं. नवीलाही आलं होतं. तिला येऊन चार वर्षं झाली होती, चाळिशी उलटली होती, तरी ती नवीच. तिच्यानंतर कुणी टिकलंच नाही, मग नाव बदलणार कसं?

सकाळी आठपासून मुलं यायला लागायची. पहिला अर्धा तास म्हणजे नुसता कल्लोळ. मूल आईच्या मानेला मिठी मारतं, आईचा चेहरा पडतो, मावशी ते मूल अलगद सोडवून घेतात आणि आईला हाताने खूण करतात, जा. आई बाहेर बुटांच्या मांडणीपाशी थांबते, आतलं रडणं ऐकत. मावशी दारावरून वाकून म्हणतात, "इथे उभ्या राहू नका. पाय निघत नाही मग. सरळ फाटकाबाहेर जा, मागे वळून बघायचं नाही." संध्याकाळी आई धावत येते आणि पहिला प्रश्न विचारते, फार रडला का हो?

"छे! दोन मिनिटं. तुम्ही गेलात आणि गप्प."

हे उत्तर ठरलेलं होतं. मूल दोन मिनिटं रडो, चाळीस मिनिटं रडो, रडून रडून दूध ओको, उत्तर दोन मिनिटं. यात लबाडी आहे असं मावशींना कधी वाटलं नाही. बाई दिवसभर काम करून आलेली असते, तिला खरं सांगून कुणाचं भलं व्हायचंय? शिवाय प्रत्येक मुलाची वही असायची, किती वाजता खाल्लं, किती वाजता झोपलं, लंगोट किती वेळा बदलला. तीही आईसाठीच. मावशी तिच्यात आईला रुचेल तेच लिहीत. हा सगळा पाठ मावशींना मोठ्या बाईंनी दिला होता आणि मावशींनी नवीला.

दुसरा पाठ असा, की बाळाला कधीही स्वतःची सवय लावायची नाही. कापडाची लावा, उशीची लावा, एखाद्या चिंधीच्या सशाची लावा. माणूस आजारी पडतं, रजेवर जातं. ससा कुठे जात नाही. हे मावशी प्रत्येक नव्या बाईला बजावत, आणि स्वतःच तिथे फसल्या.

फसवणारा सात महिन्यांचा होता. आल्यापासून तीन आठवडे त्याने घर डोक्यावर घेतलं. ससा फेकला, उशी फेकली. चौथ्या आठवड्यात एका दुपारी मावशींची पाठ इतकी ठणकत होती, की त्याला उचलून फिरवणं जमेना. त्या पाळण्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि गजांतून हात घालून डावी करंगळी त्याच्या मुठीत दिली. तो दोन हुंदके देऊन झोपला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं बोटधऱ्या. आता तो चौदा महिन्यांचा होता, वजन साडेनऊ किलो, आणि मावशींच्या करंगळीशिवाय दुपारी डोळा मिटत नव्हता. गजांच्या आत तो असायचा खरा, पण अडकून पडायच्या त्या मावशी.

पाठीचं दुखणं जुनं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाच किलोच्या वर उचलायचं नाही. मावशींनी विचारलं, "मग मी काय करू? सगळ्यांत हलकं पोर सहा किलोचं आहे." डॉक्टर म्हणाले, दुसरं काम बघा, नाहीतर दोन वर्षांत तुम्हालाच कुणी उचलून न्यावं लागेल.

दुसरं काम त्यांनी आधीही बघितलं होतं. सहा वर्षांपूर्वी एका दवाखान्यात नावं लिहून घ्यायची जागा चालून आली, तेव्हा नुकतीच जुळी मुलं आली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढी बॅच मोठी होऊ द्या, मग मी स्वतः तुम्हाला हार घालून पाठवते." तीन वर्षांपूर्वी वह्या-पेनांच्या दुकानात बसायचं काम होतं, तेव्हा एक मुलगी फक्त मावशींच्या हातून खायची. पुन्हा तेच, एवढी बॅच. ती मुलगी परवा दप्तर पाठीला लावून रस्त्यात दिसली. मावशींनी हात हलवला तर आईच्या मागे लपली.

आता तिसरी संधी आली होती आणि ती मावशींनी कुणाला कळू दिली नव्हती. मुलांची फाटकी चित्रपुस्तकं त्या घरी नेऊन शिवत. त्यासाठी डिंक आणायला त्या दोन स्टॉप पलीकडच्या बाइंडिंगच्या दुकानात गेल्या होत्या. दुकानवाल्या बाईंनी पिशवीतलं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. "हे कुणी शिवलं?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बुधवारी दोनला या. तासभर बसा, हात बघते. आणखी दोघी येणार आहेत. जिचा हात चांगला, ती एक तारखेपासून बसेल." मावशींनी आत डोकावून बघितलं. लांब टेबल होतं, सुईदोरा होता, आणि पाठ टेकता येईल अशी मोठ्या माणसाची खुर्ची होती. कुणीही रडत नव्हतं. घरी येईपर्यंत त्यांना ती खुर्चीच दिसत होती.

बुधवारी त्यांनी मोठ्या बाईंकडे अर्धा दिवस मागितला. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. मावशींचं बाळंतपण, नवऱ्याचं ऑपरेशन, सगळ्याला धावून आल्या होत्या. त्यामुळेच त्यांच्यापुढे तोंड उघडणं कठीण होतं.

"जा ना," त्या म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात? फक्त त्या बोटधऱ्याला झोपवून जा. तुम्ही नसलात की काय आकांत मांडतो, माहीत आहे ना! मागच्या शनिवारी तर सगळं घर उठवलं त्याने."

हे त्या दर सुट्टीनंतर सांगत. दुसरा आणि चौथा शनिवार मावशींना सुट्टी असायची, आणि सोमवारी आल्या आल्या आकांताची बातमी मिळायची. मावशींना अपराधी वाटायचं. थोडं बरंही वाटायचं, ते त्या कुणाला सांगत नसत.

मुलं एकला झोपायची. बस एक पस्तीसची. हिशेब सोपा होता, पण नेमकी त्या दिवशी बोटधऱ्याची दाढ येत होती. करंगळी धरून तो पेंगला. मावशींनी हळूच बोट काढलं, डोळे टक्क उघडे. पुन्हा दिलं, पुन्हा पेंगला, पुन्हा काढलं, पुन्हा उघडे. बाकीची पाच गाढ झोपली होती. नवीने दारावरून डोकावून खुणेने विचारलं, मी बसू? मावशींनी जोरजोरात मान हलवली, नको नको, बिथरेल. एवढ्यात खिडकीतून एक पस्तीसच्या बसचं छप्पर गेलं.

पुढची बस दोनला होती. तिने गेलं तरी दहा मिनिटं उशीर, हातापाया पडता आलं असतं. मावशी पाळण्याला डोकं टेकून बसून राहिल्या. पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना त्या पोराचा राग आला. चिमूटभर मूठ, तिच्यातून बोट ओढून घ्यायला कितीशी ताकद लागते! पण ओढवेना. मोठ्या बाई चहाचा कप घेऊन दाराशी आल्या, आत बघून मायेने हसल्या आणि कुजबुजल्या, "तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही बघा."

दोनच्या बसचं छप्परही गेलं. सव्वादोनला बोटधऱ्या झोपला.

मावशी मागच्या मोरीत जाऊन बाटल्या घासायला लागल्या. नवी विसळायला आली. मावशी इतक्या जोरात घासत होत्या, की ब्रशचे केस वाकले.

"मावशी, तुम्हाला अर्ध्या दिवसाने जायचं होतं ना?"

"जायचं होतं. बाइंडिंगच्या दुकानात नोकरी बघायला. मोठ्या बाईंना सांग जा हवं तर, आता काय उपयोग? गेली ती." आणि मावशींना रडू फुटलं. "बावीस वर्षं झाली गं. दर वेळी एक पोर असतं. दर वेळी मीच कशी लागते कुणाला तरी? मी मेले तर ही पोरं झोपणारच नाहीत का?"

नवीने विसळलेली बाटली पुन्हा नळाखाली धरली.

"मावशी, एक सांगू? मोठ्या बाईंना कळू देऊ नका. तो माझ्याजवळ झोपतो."

"कोण?"

"बोटधऱ्या. शनिवारी. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं रडला. मग कमी कमी होत गेलं. आता दोन मिनिटं रडतो आणि झोपतो."

मावशींनी साबणाच्या हातानेच डोळे पुसले आणि हसल्या. "दोन मिनिटं? मला सांगतेस दोन मिनिटं? अगं, ते तुला शिकवलं कुणी?"

"खरंच सांगते. वहीत लिहिलंय मी, एक दहाला झोपला म्हणून."

"वहीत मीही लिहिते."

"मावशी, शपथ." नवीचा चेहरा रडवेला झाला. "मोठ्या बाई म्हणाल्या, मावशींना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. मलाही वाटलं, खरंच वाटेल."

गंमत बघा, बावीस वर्षं ज्या बाईने दोन मिनिटांवर सगळं पाळणाघर चालवलं, तिला खरी दोन मिनिटं समोर येऊन उभी राहिली तर ओळखता येईनात. नवी धीर द्यायला बोलतेय की खरं बोलतेय? मोठ्या बाई आकांत झाला म्हणतात तो झाला की नाही? आयांना कमी करून सांगायचं असतं. एखाद्या बाईला धरून ठेवायचं असेल तर वाढवून सांगायचं असेल. या धंद्यात खरं किती ते मूल सोडून कुणालाच माहीत नसतं, आणि मुलाला बोलता येत नाही.

संध्याकाळी बोटधऱ्याची आई आली. ती दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करत असे, त्यामुळे पाळणाघरात येईपर्यंत तिचा स्वतःचा आवाज बसलेला असायचा.

"सकाळी मी गेल्यावर फार रडला का?"

"छे हो, दोन मिनिटं."

ती मुलाच्या पायात मोजे घालत राहिली. मग म्हणाली, "मावशी, हसू नका हं. तुम्ही असं म्हणालात की जीव भांड्यात पडतो. पण कधी कधी वाटतं, मेल्याने अजून थोडं रडायला काय हरकत होती?"

मावशी एरवी हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी त्या बाईच्या हातातला उलटा मोजा घेतला, सुलटा केला आणि परत दिला.

बाहेर पडल्यावर स्टॉपवरून त्यांनी दुकानात फोन लावला. दुकानवाल्या बाईंचा आवाज कोरडा होता. दोघी येऊन गेल्या, एकीचा हात बरा आहे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमची शिलाई बघितली आहे म्हणून सांगते. उद्या दोन. नाही आलात तर तिला बसवते." मावशी हो म्हणाल्या.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग जा की उद्या. दार कुणी बंद केलंय?"

"कडी बाहेरून आहे हो," मावशी म्हणाल्या.

"वाकलीस तर हात पोचतो ना? मग झालं तर."

गुरुवारी त्या मोठ्या बाईंच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "आज मला सव्वाला निघायचंय. बोटधऱ्याला नवी झोपवेल. तिची मुलं तिसरी बघेल."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. "काल सुट्टी दिली होती ना? आणि नवी? अहो, शनिवारी किती आकांत केला त्याने..."

"किती मिनिटं?"

"म्हणजे?"

"किती मिनिटं रडला, शनिवारी?"

मोठ्या बाईंनी मावशींकडे बघितलं. हा धंदा त्यांनीच या बाईला शिकवला होता, तेव्हा प्रश्न कुठून आला हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. "मी काही घड्याळ लावून बसले नव्हते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कप उचलला. कप रिकामा होता.

एक वाजता मावशींनी बोटधऱ्याचं तोंड पुसलं, लंगोट बदलला आणि त्याला नवीच्या कडेवर दिलं. एप्रन काढून खिळ्याला अडकवला, कपाटातून पर्स काढली, घड्याळ मनगटावर बांधलं. इतका वेळ तो नुसता बघत होता. मावशी अर्ध्या दाराबाहेर गेल्या, कडी लावली आणि त्याने टाहो फोडला.

घड्याळात एक सोळा झाले होते. मावशींना जायचं होतं, पण पाय निघेना. ज्या बुटांच्या मांडणीपासून त्यांनी शेकडो आयांना हाकललं होतं, तिथेच त्या पाठ भिंतीला लावून उभ्या राहिल्या. भुकेचं रडणं, झोपेचं रडणं, ओल्या लंगोटाचं रडणं, त्यांना सगळी रडणी पाठ होती. हे त्यांतलं कुठलंच नव्हतं. हे त्यांच्या नावाचं होतं. मोठ्या बाई आपल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या बघत होत्या. आत टाहो वर चढला. मावशींचा हात कडीवर गेला.

तिथेच त्यांनी तो कसाबसा थांबवला. मिनिटकाटा सतरावर आला. आत एक ठसका, मग हुंदका, मग पुन्हा रडणं, पण खालच्या सुरात. मग दोन हुंदके. मग काहीच नाही.

ठसका लागून गुदमरला की काय! मावशींनी धसकून दारावरून वाकून बघितलं. बोटधऱ्या पाळण्यात कुशीवर झोपला होता. गाल ओले होते. नवी शेजारी जमिनीवर बसली होती आणि तिचं बोट त्याच्या मुठीत होतं. करंगळीसुद्धा नाही, अंगठा.

घड्याळात एक अठरा झाले होते.

मावशी तशाच वाकून राहिल्या. नवीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि मोकळ्या हाताने खूण केली, मावशींनीच शिकवलेली, आयांना करायची. जा. मावशी वळल्या. मोठ्या बाईंच्या समोरून गेल्या, फाटकाबाहेर गेल्या. मागे वळून बघितलं नाही.

बस एक पस्तीसला आली. तोवरची सगळी मिनिटं मावशी स्टॉपवर उभ्या राहून रडत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि बसमध्ये चढल्या.